महिनाभर मऊ

"ताई, साल राहू द्या," असं म्हणून नर्सबाईनं माझ्या हातातली सोलणी काढून घेतली.

ओढून घेतली असती तर मला बरं वाटलं असतं, चार शब्द ऐकवता आले असते. पण तिनं ती हळूच घेतली, पेशंटच्या काखेतून थर्मामीटर काढावा तशी, आणि खणात ठेवून दिली. समोर दीड किलो गाजरं धुऊन ठेवलेली. मी रिकाम्या हातांनी ओट्याशी उभी.

"सालासकट चिरायची?"

"हो. स्वच्छ घासलीत मी ब्रशनं. साल पोटाला चांगली असते, ताई."

पोटाला काय चांगलं असतं ते आता मला शिकवणार! नर्सबाई म्हणजे माझी भावजय. पाच महिन्यांपूर्वी माझ्या धाकट्या भावाशी लग्न करून या घरात आली. हॉस्पिटलात नर्स आहे. तोंडावर मी तिला नुसतं "अगं" म्हणते, मनातल्या मनात नर्सबाई. आणि भावाला मी बारक्या म्हणते. तो पस्तीस वर्षांचा आहे, मोठमोठ्या इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करतो, पण अंगानं काडी, म्हणून बारक्याच राहिला.

तर ही रविवारची गोष्ट. आमच्याकडे रविवार म्हणजे आता सुट्टी नाही, मोहीम असते. सकाळी सातला दोघं नवरा-बायको बाजारात जाणार, पिशव्या भरभरून भाज्या आणणार. मग दुपारपर्यंत ओट्यावर पसारा. कडधान्यं भिजत घालायची, कोबी चिरून डब्यात भरायचा, दही लावायचं, तेल मापानं वेगळ्या बाटलीत काढून ठेवायचं, आठवड्याला तेवढंच. फ्रिजवर एक कागद चिकटवलेला, दर रविवारी नवा. सात वारांच्या सात ओळी, कोणत्या दिवशी काय शिजणार ते लिहिलेलं, आणि शेवटी एक रकाना, त्यावर मोठ्या अक्षरात "पोट". रोज सकाळी बारक्यानं त्यात खूण करायची. साफ झालं तर बरोबरची, नाही तर फुली.

मी म्हटलं, "ही काय लिहून चिकटवायची गोष्ट आहे? कोणी आलं-गेलं तर?"

"येऊ दे की," बारक्या हसत म्हणाला. "बरोबरच्या खुणा बघून जातील."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कारण खुणा खरंच बरोबरच्या होत्या. दुसऱ्या महिन्यापासून ओळीनं सगळ्या. पूर्वी हा माणूस सकाळी वर्तमानपत्र घेऊन आत जायचा तो पाऊण तासानं बाहेर यायचा, तोही कपाळाला आठ्या घालून. वर्तमानपत्रातली शब्दकोडी पूर्ण सुटलेली असायची, पोट नाही. आता पाच मिनिटांत बाहेर, वर शीळ घालत. मी ज्या लॉन्ड्रीत इस्त्री करते तिथल्या मालकीणबाई मला म्हणाल्या, "तुझा भाऊ काय टवटवीत दिसायला लागलाय गं! बायकोचा हातगुण म्हणायचा." त्या दिवशी माझ्या हातून एका गिऱ्हाइकाची पँट जळली. बारा वर्षांत पहिल्यांदा.

सांगूनच टाकते, मला हेवा वाटत होता. भावाचं पोट बरं झालं याचा आनंद व्हायला हवा, एवढं मलाही कळतं. पण ते पोट माझं होतं. सव्वीस वर्षं त्याच्यासाठी मी काय काय केलं होतं, आणि ही कालची आलेली ब्रशनं गाजरं घासून सगळं श्रेय घेऊन जाते?

बारक्या नऊ वर्षांचा होता तेव्हा त्याला टायफॉइड झाला. आई-वडील त्याच्या आदल्या वर्षीच गेलेले. मी एकोणीस. एकवीस दिवस ताप उतरला नाही. उतरला तेव्हा पोराच्या हातापायांच्या काड्या झालेल्या. तेव्हापासून त्याच्यासाठी वेगळं लहान पातेलं. भात शिजवून शिजवून खिमट करायचा. डाळ गाळून वरचं पाणी त्याला. भाजी सोलायची, बिया काढायच्या, उकडायची, कुस्करायची आणि चाळणीवर घासून घ्यायची. सफरचंदसुद्धा वाफवून. एकदा शाळेत त्यानं वर्गातल्या एका मुलीच्या डब्यातली कच्ची काकडी खाल्ली, तर मी त्या मुलीच्या घरी जाऊन भांडून आले होते.

मला एक स्थळ आलं होतं, चांगलं होतं. मी म्हटलं, भाऊ माझ्याबरोबर येईल आणि त्याचं रोज वेगळं रांधावं लागेल. ते लोक चहा पिऊन गेले ते परत आले नाहीत. मला वाईट वाटलं नाही. वाटलं असेल तर त्या दिवशी मी कामात होते.

आणि आता नर्सबाईनं पहिल्याच आठवड्यात ते पातेलं धुऊनपुसून माळ्यावर टाकलं. म्हणाली, "ताई, तुमचा त्रास वाचला." त्रास! पण माळ्याला शिडी लागते आणि शिडी मलाही चढता येते.

मंगळवारी आणि गुरुवारी तिची दुपारपाळी असते, म्हणजे संध्याकाळच्या जेवणाला ती घरात नसते. कागदावर लिहिलेलं मी शिजवायची, अगदी लिहिल्याबरहुकूम, आणि त्यातलं बारक्याच्या वाटणीचं काढून घेऊन पातेल्यात घालायची. घेवडा उकडून, शिरा ओढून, चाळणीवर घासून. गाजरं सोलून, कुस्करून. डाळ गाळून. मग पातेलं त्याच्यासमोर ठेवायचं.

त्या सोलणीच्या रविवारनंतरच्या पहिल्याच मंगळवारी त्यानं पातेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तिनं सालासकट सांगितलंय ना?"

"दिवसभर शिड्या चढून दमून येतोस. मऊ खा जरा. एका दिवसानं काय होतंय?"

त्यानं पातेलं जवळ ओढलं. सगळं संपवलं. "छान झालंय," म्हणाला. त्या रात्री मला इतकी शांत झोप लागली, जितकी त्याच्या लग्नापासून लागली नव्हती.

बुधवारी सकाळी रकान्यात फुली. शुक्रवारी फुली. नर्सबाईनं विचारलं तर हा म्हणतो, "साइटवर बाहेरचं खाल्लं गं." मी ओट्याशी पाठ करून उभी होते, पण कान तिकडेच. माझ्यासाठी खोटं बोलला! मला खरंच अगदी जिंकल्यासारखं वाटलं. फुली म्हणजे त्याचं पोट दुखतंय, हे मला दिसत होतं आणि तरीही वाटत होतं. लाज सांगायला आता वाटते, तेव्हा नाही वाटली.

असे तीन आठवडे गेले. चौथ्या आठवड्यातल्या शनिवारी दुपारी बारक्या कामावर होता. नर्सबाईनं फ्रिजवरचा कागद काढला, मागच्या तीन आठवड्यांचे जपून ठेवलेले कागद आणि आपल्या ड्यूटीचा तक्ता आणला आणि सगळे टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

"ताई, बसा ना जरा."

मी बसले. मी तयारच होते. "तू यायच्या आधी सव्वीस वर्षं मी जगवलंय त्याला," हे वाक्य मी इस्त्री करता करता घासूनपुसून ठेवलं होतं. तिनं आवाज चढवायचीच खोटी होती.

"माझी दुपारपाळी असली की दुसऱ्या दिवशी फुली आहे," ती म्हणाली. "तुम्ही त्यांना वेगळं करून देता का?"

"देते. लहानपणापासून देते. डॉक्टरांनी सांगितलंय."

"कोणत्या डॉक्टरांनी?"

"टायफॉइड झाला होता तेव्हाच्या. चांगले मोठे डॉक्टर होते."

"काय म्हणाले होते? नक्की शब्द आठवतात का?"

आठवतात का म्हणे! ते शब्द मी झोपेतही म्हणू शकले असते. "ते म्हणाले, आतडं नाजूक झालंय. महिनाभर मऊ द्या. सालं, बिया, चोथा काही नको, सगळं गाळून द्या. महिन्यानं दाखवायला आणा, मग बघू."

"मग महिन्यानं दाखवलंत?"

"दवाखान्याला कुलूप होतं. ते डॉक्टर दुसऱ्या गावी गेले होते."

नर्सबाईनं टेबलावरचे कागद एकावर एक रचले. मग तिनं अगदी साध्या आवाजात विचारलं, "मग महिना कधी संपला, ताई?"

तिच्या आवाजात टोमणा असता तर मी ती लढाई मारली असती. पण ती खरंच विचारत होती, पेशंटच्या नातेवाइकाला विचारावं तशी, उत्तर लिहून घ्यायला. पण महिना संपला म्हणून मला कोणी सांगायलाच आलं नव्हतं.

"आणि तुमचं पोट कसं असतं?" तिनं विचारलं.

"माझ्या पोटाला काय धाड भरलीय? सहाला उठते, सव्वासहाला मोकळी होते."

"तुम्ही काय खात होता इतकी वर्षं?"

"त्याचं राहिलेलं. सालं काय टाकून द्यायची? परतून घ्यायची मी. आणि डाळीचा खाली राहिलेला गाळ, भाजीचा चाळणीवरचा चोथा..."

एकाच घरात, एकाच चुलीवर, सव्वीस वर्षं. त्याला मी पाणी देत होते आणि औषध स्वतः खात होते.

नर्सबाईनं उठून चहा ठेवला. माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "एकोणीस वर्षांच्या होता तुम्ही. त्या वयात मी ट्रेनिंगच्या पहिल्या वर्षाला होते. नुसती सिरिंज धरायलाही घाबरायचे मी. तुम्ही टायफॉइडचं मूल एकटीनं वाचवलंत."

ती चांगली आहे, हीच तर पंचाईत आहे. वाईट असती तर माझं किती सोपं झालं असतं.

बारक्या संध्याकाळी आला तेव्हा ती खाली दूध आणायला गेली होती. मुद्दाम गेली असणार. मी त्याला बूटसुद्धा काढू दिले नाहीत.

"तू तिच्याशी खोटं का बोललास? बाहेर खाल्लं म्हणून?"

त्याला लगेच कळलं. भिंतीला टेकून तो बुटाची नाडी सोडत राहिला. "मग काय सांगू? ताईनं गाळून दिलं म्हणून सांगू?"

"पोटाला त्रास होतोय कळत होतं ना तुला? मग खायचं नव्हतंस."

"कसं नको खाऊ? समोर बसतेस ना तू."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे! मी घास घेतला की तुझा जीव खाली बसतो. शाळेत असल्यापासून बघतोय मी. एकदा मी ताट सरकवलं होतं तर दोन दिवस जेवली नव्हतीस. आठवतंय?" त्यानं दुसरा बूट काढला. "मला कुठे ते आवडतं, ताई. मला ते कधीच आवडलं नाही. पण एक दिवस पोट दुखलं तर दुखलं. तू जेवतेस ना त्यानं."

कधीच आवडलं नाही. हे तो इतक्या सहज म्हणाला, की आपण काय बोललो ते त्याच्या लक्षातही आलं नाही. तो हात धुवायला गेला. मी तिथेच त्याचे बूट नीट लावत बसले. सव्वीस वर्षं मी याला सांभाळलं, अशी माझी समजूत होती. त्यातली किती वर्षं तो मला सांभाळत होता, ते विचारायचा मला धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. बाजार झाला, डाळी भिजल्या, नवा कागद आला. नर्सबाईनं सहा ओळी भरल्या आणि पेन माझ्यापुढे धरलं. "मंगळवारचं तुम्ही लिहा, ताई. तुमच्या मनानं."

माझ्या मनात काय काय आहे हे तिला माहीत असतं तर तिनं पेन दिलं नसतं. तिचं अक्षर सुरेख आहे, त्याचाही मला हेवा वाटतो. मी माझ्या वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं, भात, घेवडा, सालीची डाळ.

मंगळवारी लॉन्ड्रीतून लवकर निघाले. घेवड्याच्या नुसत्या शिरा काढल्या, तुकडे मोठे ठेवले. डाळ आख्खी शिजवली, थोडा लसूण ठेचून घातला. इतक्या वर्षांत या घरात दोघांसाठी एकच भांडं मी पहिल्यांदा चढवलं होतं. झाकण काढलं तेव्हा हात आपोआप चाळणी शोधायला लागले. मी ते पदराला पुसले.

बारक्या आला, हात धुऊन बसला. मी त्याचं ताट वाढलं, भांडं टेबलाच्या मधोमध ठेवलं आणि समोरची खुर्ची तशीच सोडून गॅलरीत गेले. दोरीवरचे वाळलेले कपडे काढायचे होतेच. त्याच्याकडे पाठ करून मी एकेक चिमटा काढायला लागले.

आतून आवाज यायला लागला. आधी मला कळलंच नाही कसला आवाज आहे तो. मग कळलं, तो चावत होता. माझा भाऊ चावून खाताना कसा आवाज होतो, हे मला माहीत नव्हतं. मी टॉवेलची घडी घातली, मोडली, परत घातली.

"ताई," तो आतून म्हणाला, "अजून आहे का गं?"

आजवर त्यानं माझ्याकडे दुसऱ्यांदा कधी मागितलं नव्हतं. एकदाही नाही. आणि ज्या दिवशी मागितलं, त्या दिवशी शिजवलेलं नर्सबाईच्या पद्धतीचं होतं.

"आहे," मी म्हटलं. "घे."

खुर्ची सरकली, पळी भांड्यावर आपटली. मी वाढायला आत गेले नाही. दोरीवर त्याचा एक शर्ट राहिला होता, तो काढला.