पाय धुण्याची तालीम

पाय पुसायच्या टॉवेलला कुणी लेस लावतं का? तुम्हीच सांगा. पण सेक्रेटरींना हवी होती. पांढरे शुभ्र टॉवेल, चारी कडांना लेस, कोपऱ्यात निळ्या दोऱ्याचा क्रूस. आणि शिवणार कोण, तर घरची बायको.

सेक्रेटरी म्हणजे मंडळीचे सेक्रेटरी. चर्चमध्ये हे नाव पडलं आणि मग घरातही तेच चिकटलं. बायको तोंडावर ‘अहो’ म्हणायची आणि मनातल्या मनात ‘सेक्रेटरी’. तिचं शिवणाचं मशीन पुढच्या खोलीत, खिडकीपाशी. मंडळीतल्या निम्म्या बायकांची मापं तिला तोंडपाठ होती, कॉयरचे झगेही तिनेच शिवलेले. वर्षातून एकदा चर्चमध्ये पाय धुण्याची उपासना असायची. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून बारा जणांना पुढे बसवायचं आणि त्यांचे पाय धुवायचे. यंदा पाळकसाहेबांची कंबर धरलेली, त्यामुळे तो मान सेक्रेटरींकडे आला होता. मान म्हणे! नोकराचं काम म्हणून जे प्रभूने मुद्दाम केलं, त्याचा यांना मान.

त्या शनिवारी संध्याकाळी मशीनसमोरच तालीम चालली होती. सेक्रेटरी जेवणाच्या खुर्चीपुढे गुडघ्यावर बसले होते आणि खुर्चीचा पाय दोन्ही हातांनी धरून त्याच्यावर टॉवेल फिरवत होते. समोर कपाटाचा आरसा होता, त्यात एक डोळा.

“अगं, डोळे आधी मिटू की पाणी ओतल्यावर?”

“मला काय विचारता? खुर्चीला विचारा.”

“चेष्टा नको. व्हिडिओ निघणार आहे, बाहेरगावच्या मंडळ्याही बघतील. आवाज जरा भरून आला तर बरं, नाही का?”

बारा जणांना त्यांचे फोनही करून झाले होते. पाय घासूनपुसून या, नखं कापा, टाचांना भेगा असतील तर क्रीम लावा, कॅमेरा जवळून घेणार आहे. म्हणजे धुतलेलेच पाय पुन्हा धुवायचे! तिच्या तोंडात सुईचा दोरा होता. तो तिने दातांनी तोडला, तेवढंच.

आतल्या खोलीतून हाक आली, “अरे, पाणी देतंय का कुणी?”

आप्पांची हाक. सेक्रेटरींचे वडील. सेक्रेटरींनी खुर्चीचा दुसरा पाय धरला आणि पुन्हा डोळे मिटले. तिने मशीन थांबवलं, तांब्या भरला आणि आत गेली.

आप्पा बसमध्ये कंडक्टर होते. सगळी हयात उभ्याने गेली, हलत्या बसमध्ये एका दांडीच्या आधाराने. मग साखरेच्या आजाराने त्याच पायांना धरलं. डाव्या तळव्याची जखम वर्षभर भरलीच नाही, अंगठा काळा पडला, आणि आता डॉक्टरांनी पाय काढायचं सांगितलं होतं. उपासना गुरुवारी आणि ऑपरेशन त्याच्या पुढच्या सोमवारी. आप्पांनी ते ऐकून घेतलं आणि म्हणाले, “चला, एक पॅसेंजर उतरला. दुसरा शेवटच्या स्टॉपपर्यंत येतोय का बघू.”

त्या जखमेचा वास खोलीत भरून असायचा, पडद्यात, उशीत, तिच्या केसांत. सकाळ-संध्याकाळ ड्रेसिंग तीच बदलायची. पहिले काही दिवस ती ते झाल्यावर मोरीत जाऊन ओकायची. मग सवय झाली. सेक्रेटरी मात्र त्या दारात आले की रुमाल नाकाला लागायचा. “आप्पा, मी प्रार्थनेत आहे हं तुमच्यासाठी,” एवढं उंबऱ्यावरूनच बोलायचे आणि पाठ फिरवायचे. नाकाने कांदे सोलावेत तर असे.

त्या संध्याकाळी आप्पांनी लेकाला हाक मारून दारापर्यंत बोलावून घेतलं.

“ऐकतोयस? या खेपेला बारांत मला घे ना. दरवर्षी माझी ड्यूटी असायची, कधी पुढे बसायला मिळालंच नाही. त्याच्या पुढच्या सोमवारी पाय जाणार. जायच्या आधी एकदा तुझ्या हाताने धुवून घ्यावा असं वाटतंय. बास, आणखी काही नको.”

कुठलाही बाप मागणार नाही इतकं थोडं मागितलं होतं त्यांनी. सेक्रेटरींनी रुमाल नाकावरून खाली घेतला, कारण आता बायबलचं वचन बोलायचं होतं.

“आप्पा, प्रभू पाय बघत नाही, मन बघतो. तुमचं मन शुद्ध आहे ना, मग झालं तर. आणि तिथे लोक असतात, लहान मुलं असतात, इन्फेक्शनचं काय? त्यापेक्षा मी तुमच्यासाठी खास प्रार्थना ठेवतो.”

“बरं,” आप्पा म्हणाले. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. तिला ते ‘बरं’ काट्यासारखं रुतलं.

दुसऱ्या दिवशी रविवारी चर्चमध्ये सेक्रेटरी साक्ष द्यायला, म्हणजे आपला अनुभव मंडळीसमोर सांगायला, उभे राहिले. ती बायकांच्या बाजूला, मधल्या बाकावर बसली होती. “प्रियांनो,” ते म्हणाले, “माझे वृद्ध वडील अंथरुणाला खिळले आहेत. पण मी रोज या माझ्या हातांनी त्यांची जखम धुतो, आणि धुताना मला जणू प्रभूचेच पाय दिसतात.” आणि आवाज भरून आला! अगदी तालमीतल्यासारखा, जागच्या जागी. मागून कुणीतरी आमेन म्हणालं. शेजारच्या बाईने हिचा हात दाबला. “नशीबवान आहेस गं. असा नवरा मिळायला पुण्याई लागते.”

तिने हात सोडवून घेतला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, हे ठीक. पाषाण निदान गप्प तरी असतो. हा माणूस दुसऱ्याच्या हातांनी धुतलेली जखम स्वतःच्या नावावर देवाला दाखवत होता, आणि देव ओळखत नाही असं धरून चालला होता. तिने ओठ आवळले. ठीक आहे, म्हणाली मनात. रोज धुता ना? मग धुवाच.

बारांत एक निवृत्त शाळामास्तरीण होत्या, हिच्या जुन्या गिऱ्हाईक. त्यांना तिने एवढंच सांगितलं की आप्पांची फार इच्छा आहे. बाईंनी लगेच आपली खुर्ची सोडली. शेजारच्या रिक्षावाल्याला सांगून ठेवलं. आप्पांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा असा उजळला की तिला क्षणभर भीतीच वाटली.

“तो हो म्हणाला?”

“तुम्ही चला तर,” ती म्हणाली.

आणि गुरुवारी सकाळी तिने ड्रेसिंग बदललं नाही. विसरली नाही, मुद्दाम बदललं नाही. औषध, गॉज, कोमट पाणी, सगळं हाताशी होतं. ते झाकून ठेवलं आणि मशीनवर जाऊन बसली. वास यायला हवा होता. सगळ्या चर्चला यायला हवा होता, पहिल्या बाकापासून शेवटच्यापर्यंत. तेव्हाच कळलं असतं की रोज कोण धुतं आणि कोण नाकाला रुमाल लावतं.

संध्याकाळी चर्च भरलं. पुढे बारा खुर्च्या, खुर्च्यांत बारा माणसं, आणि शेवटच्या खुर्चीत आप्पा. त्यांनी पांढरा शर्ट घातला होता आणि दाढी केली होती. सेक्रेटरी बाहेर कॅमेरावाल्याला जागा दाखवत होते, त्यांना पत्ता नव्हता. गीत सुरू झालं, ते घंगाळ घेऊन आत आले, पहिल्या खुर्चीपुढे गुडघे टेकले आणि वर बघितलंच नाही. क्रीम लावलेले पाय, कापलेली नखं. एकेका पायावर वाटीभर पाणी, लेसच्या टॉवेलने दोनदा टिपणं, मिटलेले डोळे. इकडे तिने आप्पांचं बँडेज सोडलं आणि बाजूला झाली.

वास सुटला. पहिल्या बाकावरच्या एका बाईने पदर नाकाला लावला. सेक्रेटरी शेवटच्या खुर्चीशी आले आणि तिथेच थिजले.

“हे काय चालवलंय?” ओठ न हलवता ते पुटपुटले.

“ये,” आप्पा हळूच म्हणाले. त्यांनी पाय थोडा पुढे केला.

कॅमेरा जवळ आला. आता, म्हणाली ती मनात, आता उघडं पडेल सगळं. आणि सेक्रेटरींनी काय करावं? त्यांनी नवा टॉवेल झटकून उघडला आणि अख्ख्या पायावर पांघरला. मग टॉवेलच्या वर दोन्ही हात नुसते हवेत धरले. बोट लागू दिलं नाही. पाण्याचा थेंब नाही. मग डोळे मिटले आणि रडले. खरंच रडले! गालावरून पाणी ओघळलं, ते बघायला कॅमेरा आणखी जवळ आला. आप्पांचा हात लेकाच्या खांद्याकडे निघाला होता, तोवर सेक्रेटरी उठून घंगाळासकट गेलेसुद्धा. हात तसाच राहिला.

पाळकसाहेबांनी सगळं बघितलं होतं. त्यांनी गीतांच्या पुस्तकात मान घातली आणि पुढचं गीत सांगितलं.

आणि उपासना संपल्यावर? लोक सेक्रेटरींच्या भोवती गोळा झाले. स्वतःच्या बापाचे पाय! तेही तसले! कॅमेरावाला डोळे पुसत होता. पदर नाकाला लावलेली बाई हिच्याकडे येऊन म्हणाली, “तू म्हणायचीस ते खरंच गं, देवमाणूस आहे.” ती कधीच असं काही म्हणाली नव्हती. करायला गेली काय आणि झालं काय. तिला सगळ्यांची किळस आली, भिंतींची, फुलांची, आमेनची सुद्धा.

रिक्षातून घरी येईपर्यंत आप्पा बोलले नाहीत. तिने त्यांना पलंगावर बसवलं, पायावर तसाच राहिलेला लेसचा टॉवेल काढून हाताशी ठेवला, पाणी कोमट केलं, पाय घरच्या घंगाळाशी घेतला.

“बघितलंत ना आप्पा तुमच्या लेकाचं सोंग? शिसारी येते मला. एवढ्या लोकांत...”

“सकाळी ड्रेसिंग का नाही बदललंस?”

तिने हातातला तांब्या खाली ठेवला.

“मी पंचवीस-तीस वर्षं गर्दीत काढली, पोरी. कोण धक्का चुकून मारतो आणि कोण मुद्दाम, ते मला न बघता कळतं.” त्यांचा आवाज चढला नाही. “त्याने मला टॉवेलखाली झाकलं. तू मला सगळ्यांसमोर उघडं केलंस. मला नुसता पाय धुवून हवा होता गं.”

तिचं तोंड पेटलं. नवऱ्याच्या नावाने दिवसभर तोंडात साठवलेली सगळी थुंकी आता तिलाच गिळायला लागली. दिवसभर तो पाय तसाच सडत ठेवला होता तिने, आणि स्वतःला सच्ची समजत होती. कॅमेरा त्याला हवा होता, आणि तिला नव्हता का? तिलाही हवाच होता.

“आप्पा, चुकलं माझं. प्रभू मला...” ती सुरू झाली, आणि तिचं तिलाच ऐकू आलं, आवाज कसा भरून येतोय ते. तिने तोंड मिटलं.

तेवढ्यात पुढच्या खोलीत चपला वाजल्या. सेक्रेटरी दारात आले. एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात रुमाल. “आप्पा, व्हिडिओ काय सुंदर आलाय! लोकांचे फोन थांबत नाहीत.” मग त्यांनी खाली बसलेल्या बायकोला बघितलं, घंगाळ बघितलं, आणि मोबाइल उभा धरला. “अगं, थांब, हेही घेऊ. टॉवेल जरा क्रूस दिसेल असा धर. आणि पाय थोडा पलीकडे, जखम नको दिसायला.”

आप्पांनी लेकाकडे बघितलंही नाही.

“आधी दार लाव,” ते तिला म्हणाले. “त्याच्यासाठी नाही. आपल्यासाठी.”

ती उठली. नवऱ्याला काही सुनवावं असं ओठांवर आलं होतं, झणझणीत, साऱ्या आळीला ऐकू जाईल असं. ते तिने आतच ठेवलं. दार लोटलं, आतून कडी घातली. टॉवेलची लेस ओल्या बोटांना टोचत होती म्हणून तो बाजूला टाकला, आपला जुना सुती पदर खोचला आणि खाली बसली.

“पाणी गार झालंय का?” तिने विचारलं.

“चालेल,” आप्पा म्हणाले. तिने पाण्यात हात घातला.