रांगेतला डबा

जामनेरकडच्या त्या लहानशा गावात चिंधा आबाची गिरणी एकुलती एक, त्यामुळे आबाचा तोराही तसाच. गिरणीला लागणारी तीन फेजची वीज आठवड्यातले चार दिवस रात्रीच यायची, आणि बायका दळण आणायच्या सकाळी. मग आबाने तोड काढली. कंडेन्सर लावायचा आणि दिवसा घरगुती दिव्यांच्या एका फेजवरच गिरणी ओढायची. पीठ पडायचं, गावातले दिवे मात्र मिणमिणायचे. बायका वीजवाल्यांच्या नावाने बोटं मोडायच्या आणि आबाही त्यांच्या सुरात सूर मिसळायचा.

चार घरं पलीकडे यास्मिन शिवणकाम करायची. शाळेच्या गणवेशांचं मोठं काम मिळालं, म्हणून तिने मोटरची मशीन घेतली. दहाव्या दिवशी मोटर जळाली. आबाला तारांतलं कळतं, म्हणून तिने त्यालाच बोलावलं. झाकण उघडताच जळका वास आला आणि आबाच्या सगळं लक्षात आलं. वीज कमी दाबाने आल्यामुळे मोटर तापून गेली होती, आणि दाब कोणी ओढून घेतला ते त्याला पक्कं ठाऊक होतं. पण तोंडातून भलतंच निघालं. तू मशीनला विसावाच देत नाहीस पोरी, असं तो म्हणून गेला. यास्मिन त्याच्याकडे बघत राहिली, मग तिने मान हलवली. गणवेश दुसरीकडे शिवायला गेले.

तेव्हापासून आबा तिचा दळणाचा डबा सगळ्यांत पुढे ओढू लागला. डब्यांची रांग हा गिरणीचा कायदा. सरपंचाचा डबासुद्धा तिथे नंबरानेच सरकायचा. आबाचं मन मोठं, असं बायका म्हणायच्या. ते ऐकून आबाला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

गुरुवारी गिरणीवर रांगेतल्या द्रौपदाबाईने सगळ्यांदेखत यास्मिनला टोमणा मारला, नवी वस्तू वापरता येत नाही तर घ्यावी कशाला. यास्मिन आपल्या डब्याचं झाकण लावत राहिली. आबाने गिरणीचा खटका खाली ओढला. पट्टा फडफडत थांबला.

"यास्मिन, तुनी मोटर मी जाळी. या कंडेन्सरनी."

"माहीत शे, आबा. गिरणी चालू व्हयनी का मना बल्ब मंद पडस. तुम्ही सांगशात म्हनीसन मी वाट देखी."

तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं, असं आबाला वाटलं.

आबाने पुढे ओढलेला डबा यास्मिनने उचलला आणि रांगेच्या शेवटी नेऊन ठेवला.