घरच्यांचा पास

सून आपणहून कुठे घेऊन जाते म्हणाली, तेव्हाच तपासणीबाईंनी ओळखलं की पाणी कुठेतरी मुरतंय.

"आई, मंगळवारी संध्याकाळी माझ्याबरोबर येता का? कायद्याच्या कॉलेजात भाषण आहे. सगळ्यांना खुलं आहे, पैसे नाहीत. नंतर चहा-बिस्किटंही देतात."

"कशावर भाषण?"

"म्हाताऱ्या माणसांचे हक्क, मृत्युपत्र, सह्या... असंच."

तपासणीबाई मटार सोलत होत्या. एक शेंग त्यांनी अर्धी उघडून तशीच हातात धरली आणि सुनेकडे बघितलं. आजवर या पोरीने सासूला नाटकाला नेलं नव्हतं, बागेत नेलं नव्हतं, आणि आता एकदम मृत्युपत्राला!

"येईन की," त्या गोड आवाजात म्हणाल्या. चोर कुठे वळतो ते बघायचं तर त्याच्या मागेच चालायला हवं.

तपासणीबाई हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. उभा जन्म त्यांनी शहराच्या बसमध्ये तिकिटं तपासली, म्हणून गल्लीने ते नाव चिकटवलं आणि पुढे त्यांनाही ते आवडायला लागलं. नजर मोठी तयार होती. बसच्या पायरीवर पाऊल ठेवलं की फुकट्या कोण ते त्यांना कळायचं. तिकीट काढलेला माणूस पेंगतो, नाक खाजवतो, शेजाऱ्याशी भांडतो. बिनतिकिटाचा मात्र खिडकीबाहेर बघत बसतो, तेही जरा जास्तच रस घेऊन. जणू समोरच्या भिंतीवर जत्रा भरली आहे. नोकरी संपली, बस सुटली, पण नजर काही सुटली नाही. दूधवाल्याचं माप, वरच्या मजल्यावरच्यांचं नवीन कुलूप, डॉक्टरांनी सांगितलेली आणखी एक चाचणी, सगळं त्या नजरेखालून जायचं. कोणी नमस्कार केला तरी हा आजच का केला, याचा त्या घरी येऊन विचार करायच्या.

या नजरेतून एकच माणूस सुटला होता, तो म्हणजे त्यांचा मुलगा. सगळे त्याला राजा म्हणत, कारण आई म्हणायची. नोकरीत असताना घरच्यांना पास मिळायचा. लहानपणी शाळेतून येताना राजा आईच्याच बसमध्ये चढायचा. दुसऱ्यांच्या पोरांना दप्तर उघडून पास दाखवायला लावणाऱ्या तपासणीबाई त्याच्या बाकाजवळ आल्या की त्याच्या केसांतून हात फिरवायच्या आणि पुढे जायच्या. त्याने पास आणलाय की घरी विसरलाय, हे त्यांनी कधी बघितलं नाही. पुढे तो मोठा झाला, त्याने बाजारात फर्निचरचं दुकान टाकलं, लग्न केलं. आईचा हात मात्र तसाच केसांतून फिरत राहिला.

आता मुख्य गोष्ट. मध्यंतरी एका संध्याकाळी राजा आईच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला होता, "आई, आज दुपारी तू गॅस चालू ठेवून झोपलीस. मी जेवायला आलो म्हणून बरं, नाहीतर काय झालं असतं?" तपासणीबाईंना काहीच आठवेना. काही दिवसांनी पुन्हा तेच. मग तो शेजाऱ्यांना सांगायला लागला, डॉक्टरांनाही सांगून आला. सगळं काळजीनेच. शेवटी म्हणाला, "तू कशाला बँकेत रांगा लावतेस? घराची कागदपत्रं, पैसे, सगळं बघायचा अधिकार माझ्या नावाने करून दे. महिनाअखेरच्या शनिवारी वकिलाकडे जाऊन एक सही केलीस की सुटलीस."

तपासणीबाई सुटायला तयार होत्या. कारण गॅसचं कोडं त्यांनी केव्हाच सोडवलं होतं. आपण विसरत नाही, राजा खोटं बोलत नाही, तेव्हा तिसरी व्यक्ती उरते ती सून. म्हातारीला वेडी ठरवायची, घर ताब्यात घ्यायचं आणि तिला कुठल्यातरी संस्थेत टाकायचं! राजाला त्या काही बोलल्या नाहीत. पोराच्या संसारात विष कशाला कालवा? पण तेव्हापासून सून स्वयंपाकघरातून बाहेर आली की त्या आत जायच्या आणि गॅसच्या प्रत्येक बटणाला हात लावून बघायच्या. सुनेने काही करायच्या आत शनिवारी घर राजाच्या हातात दिलं, की ती बसली हात चोळत.

मंगळवारी दोघी कॉलेजात गेल्या. उतरत्या पायऱ्यांचं सभागृह, लाकडी बाक, बाकांवर पोरांनी कोरलेले बदाम. व्यासपीठावर खणखणीत आवाजाच्या एक प्राध्यापिका बोलत होत्या. 'कायदा आणि समाज' अशी त्यांची व्याख्यानमालाच होती. कायदा कोर्टात जाऊन कळण्याआधी लोकांना इथे येऊन कळावा, असं त्या म्हणाल्या. तपासणीबाईंचं लक्ष व्यासपीठाकडे नव्हतं, सुनेकडे होतं.

"आपला अधिकार दुसऱ्याला देणारी सही कधी घाईत करू नका," प्राध्यापिका म्हणाल्या. "समोरचा कितीही जवळचा असला तरी."

सून वळली. "ऐकलंत ना, आई?"

"माझे कान शाबूत आहेत," तपासणीबाई म्हणाल्या आणि मनात नोंद केली: आता हिला मला बहिरीही ठरवायचंय.

चहाच्या वेळी सून एका उंच विद्यार्थिनीशी कोपऱ्यात बोलत होती. तपासणीबाई जवळ गेल्या तशा दोघी गप्प झाल्या.

"काय खलबतं चालली होती?"

"काही नाही, पुढच्या वेळी काय आहे ते विचारत होते," सून सरळ त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाली. खिडकीकडे बघितलं नाही, पापणी लवली नाही. म्हणजे चांगलीच पोचलेली होती.

घरी आल्यावर राजाने विचारलं, "कुठे गेला होतात दोघी?"

"माझ्या दुकानात," सून लगेच म्हणाली. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. "आईंचा नंबर तपासून आणला."

नवऱ्याच्या तोंडावर खोटं! तपासणीबाईंना जवळजवळ आनंदच झाला. पण मुरलेला तपासनीस फुकट्याला पहिल्याच थांब्यावर धरत नाही. थोडी बस रिकामी होऊ देतो. त्यांनी मान डोलावली.

पुढच्या मंगळवारी भाषण नव्हतं, खोटा खटला होता. प्राध्यापिकांनी सगळं समजावून सांगितलं. लोकांनी आपल्या अडचणी नाव न देता कॉलेजला कळवायच्या, त्यातली एक निवडून विद्यार्थी खटला चालवणार, आणि कायदा काय म्हणतो ते सगळ्यांना दिसणार. न्यायाधीश झालेला पोरगा दोन मापं मोठ्या काळ्या कोटात बुडाला होता.

"आजचा खटला असा," प्राध्यापिका म्हणाल्या. "मुलाचं म्हणणं, आईला आता स्वतःचे व्यवहार झेपत नाहीत, ते माझ्या हाती द्या. आईच्या भूमिकेसाठी प्रेक्षकांतून कोणी येईल का?"

"या येतील," सून म्हणाली आणि तिने सासूचा दंड धरून वर केला.

असं होय! तपासणीबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. भरल्या सभेत सासू बावळट ठरवायचा बेत होता तर. ठीक आहे. त्या पर्स सांभाळत ताठ मानेने व्यासपीठावर चढल्या आणि खुर्चीत बसल्या.

मुलाच्या बाजूचा वकील झालेल्या विद्यार्थ्याने विचारलं, "आजी, आज वार कोणता?"

"मंगळवार. आणि तुझ्या कोटाचं वरचं बटण खालच्या काजात गेलंय. ते आधी बघ, मग माझं डोकं तपास."

सभागृह हसलं. तपासणीबाईंनी सुनेकडे विजयी नजर टाकली. नवल म्हणजे सूनही हसत होती.

मग मुलगा झालेला विद्यार्थी उभा राहिला. "माझा आईवर जीव आहे," तो म्हणाला. "पण ती दुपारी गॅस चालू ठेवून झोपते. दोनदा झालं. मी जेवायला आलो म्हणून बरं, नाहीतर काय झालं असतं?"

तपासणीबाईंच्या डोक्यात घण पडला. तेच शब्द! म्हणजे या बयेने घरची लक्तरं चव्हाट्यावर आणून टांगली होती, आणि वर त्यांनाच त्याखाली आणून बसवलं होतं. त्या उठणार, सगळ्यांसमोर सुनेचं पितळ उघडं पाडणार, तेवढ्यात ती उंच विद्यार्थिनी पुढे आली. ती त्यांची वकील होती.

"पहिल्या वेळी गॅस चालू होता, हे कोणी बघितलं?" तिने 'मुलाला' विचारलं.

"मी."

"दुसऱ्या वेळी?"

"मीच."

"तुमची बायको कुठे होती?"

"कामावर. ती संध्याकाळी येते."

"गॅसवर काय ठेवलं होतं?"

'मुलगा' जरा अडखळला. "काही नाही."

"काहीच करपलं नाही? शेजाऱ्यापाजाऱ्यांनी काही बघितलं नाही? आई झोपलेली, वर भांडं नाही, आणि रिकामी शेगडी आपोआप पेटली?"

"तसं नाही, पण..."

"म्हणजे तुमच्याशिवाय हे कोणीच बघितलेलं नाही."

तपासणीबाई अर्धवट उठल्या होत्या, त्या पुन्हा खाली बसल्या. त्या दोन दुपारी त्यांना आता लख्ख आठवल्या. त्या दोन्ही दिवशी राजा जेवून दुकानावर परत गेला होता. ओटा पुसून त्यांनी फडकं नळावर वाळत टाकलं होतं, मगच त्या आडव्या झाल्या होत्या; त्यांना झोपलेलं बघायला राजा घरी नव्हताच. सून सकाळी जी गेली होती ती दिवे लागल्यावर आली होती. हे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. तरी मधल्या वेळात ती चोरपावलांनी येऊन बटण फिरवून गेली असणार, असंही त्यांनी जुळवून टाकलं होतं. सुतावरून स्वर्ग गाठला, पण शेजारच्या बाकावर बसलेल्या माणसाकडे पास मागितला नाही.

त्यांना भीती वाटली. घराची वाटली, पण त्याहून जास्त राजाचा चेहरा आठवायची वाटली.

"आजी, तुम्हाला काही सांगायचंय?" मोठ्या कोटातल्या न्यायाधीशाने विचारलं.

"मला थोडं पाणी द्या," तपासणीबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की मागच्या बाकांवरून कोणीतरी "वा!" म्हणालं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दोघी परतत होत्या. रस्त्यावर दुकानं बंद होत होती.

"हे तू कळवलंस," तपासणीबाई म्हणाल्या.

"हो."

"मला सरळ सांगता येत नव्हतं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असतात?"

काय म्हणाल्या असत्या, ते तपासणीबाईंना पाठ होतं. घर फोडायला निघालीस, हेच म्हणाल्या असत्या, आणि रात्री राजाला जास्तीची भाजी वाढली असती.

"मला तरी कुठे खात्री आहे, आई?" सून म्हणाली. "हे मला एकदा म्हणाले, घर विकू, दुकान मोठं करू, आईंना बागेजवळच्या वृद्धाश्रमात ठेवू. मी नको म्हटलं. त्यानंतर गॅसचं सुरू झालं. माझं चुकतही असेल. नुसता संशय आहे."

"संशय घ्यायला कुठे शिकलीस?"

"तुमच्याच घरात."

तपासणीबाईंना हसू आलं. "मी तुलाच चोर समजत होते गं."

"माहीत आहे. मी बाहेर आले की तुम्ही बटणांना हात लावून बघता." ती सासूकडे वळली. "मी एकही कधी चालू ठेवलं नाही, आई."

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. रस्ता ओलांडताना त्यांनी सुनेचा हात धरला आणि पलीकडे गेल्यावरही सोडला नाही.

शनिवार उजाडला. तीन दिवस त्यांनी मनाला समजावलं होतं. खटला खोटा होता, पोरं नाटक करत होती, सुनेचं चुकत असेल. देवा, तिचंच चुकू दे. त्या तयार झाल्या, बुटाच्या नाड्या बांधल्या, पर्स मांडीवर घेऊन जेवायच्या टेबलाशी बसल्या. सून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. राजा इस्त्रीचा शर्ट घालून आला.

"निघू या का, आई? वकील वाट बघतोय."

"निघू. एकच सांग मला, राजा. मी झोपले होते, तेव्हा गॅसवर काय होतं?"

"कधी?"

"दोन्ही वेळा. भांडं होतं? तवा होता? काय होतं?"

त्याने सरळ आईकडे बघावं, एवढंच त्यांना हवं होतं. आठवत नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं. चिडला असता, हसला असता, कपाळाला हात लावला असता, तरी त्यांनी त्याच्या केसांतून हात फिरवला असता आणि सही करायला निघाल्या असत्या.

राजाने मान वळवली. समोर खिडकी होती आणि खिडकीबाहेर पलीकडच्या इमारतीची भिंत. तो त्या भिंतीकडे बघत राहिला, जरा जास्तच रस घेऊन.

तपासणीबाईंनी आयुष्यात किती माणसं धरली, त्याची गणती नव्हती. कोणालाही धरताना त्यांना रडू आलं नव्हतं. आज आलं. त्या वाकल्या आणि बुटाच्या नाड्या सोडायला लागल्या.