डबा हलवला होता का?

मित्रांनो, मी एक जुनी लेथ आहे. पोलादाचा तुकडा माझ्यात गरगर फिरतो आणि टूल, म्हणजे धारदार पातं, त्याला सोलत जातं. भट्टीतल्या रसातून माझं अंग ओतलं, तेव्हापासून मी कुणाचं ऐकून घेतलेलं नाही. बाजूची चकचकीत यंत्रं खोकली की मिस्त्री त्यांना म्हणायचे, "शिका जरा आमच्या म्हातारीकडून!"

मग फार कडक पोलादाचं काम आलं आणि माझा तोरा उतरला. टूल लावलं की तापायचं, धार जायची. एकामागून एक टूल माझ्यापाशी संपू लागलं. गिऱ्हाइकासमोर मालक म्हणाले, "टूलखाऊ झालीये ही. भंगारात घाला." मला कुठे तोंड लपवू असं झालं. पण लपणार कुठे? पायच जमिनीत पुरलेले.

मालकांच्या सुनेनं नवं तेल आणलं. त्यात डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक कण होते. टूल आणि पोलाद यांच्यामध्ये शिरून ते घासणं कमी करतात, म्हणे. तेल मात्र काळंकुट्ट.

"वहिनी, म्हातारीला काजळ घालायचंय का?" मिस्त्री हसले. मीही मनात हसले.

डबा फळीवर पडून राहिला. कण तळाशी बसले. मिस्त्रींनी वरचं नितळ तेल मला घातलं, खालचा गाळ सांडलेलं तेल टिपायच्या लाकडाच्या भुशात ओतला. टूल पुन्हा गेलं.

"झालं समाधान?" मालक म्हणाले. "उद्या भंगारवाला येतोय."

सूनबाईनं मान खाली घातली. माझ्यापायी! आणि मला साधं 'अगं, भुशात बघ' म्हणता येईना.

तेवढ्यात सांडलेल्या भुशावर तिचा पाय सर्रकन घसरला. तिनं तो काळा चिखल बोटांत चोळून पाहिला.

"मिस्त्री, डबा हलवला होता का?"

"औषध आहे का ते, हलवायला?"

"औषधच आहे! गुण तळाशी बसला आणि तुम्ही तो केरात घातलात!"

दुसरा डबा तिनं स्वतः खळखळून हलवला. टूल संध्याकाळपर्यंत टिकलं. मालकांनी धार उजेडात धरून पाहिली. मग भंगारवाल्याला नको म्हणून कळवलं.

मित्रांनो, लाज अजून गेलेली नाही. जन्मभर काळी मळी अंगावर घेऊन मी त्या तेलाच्या रंगाला हसले! यंत्राला तेल द्या, फडकं मारा. पण डबा आधी हलवा. सूनबाई जवळ आली की मला आभार मानता येत नाहीत. तेवढा वेळ मी करकर करत नाही, इतकंच.