न पडलेला कीस

कलाकारांची व्हिडिओ-चित्रं करताना पुतणीचे नियम कडक असत. चाळीस मिनिटांचा एकच शॉट, कापाकापी नाही, समोरच्याला काही सुचवायचं नाही आणि आपण तोंड उघडायचं नाही. खरं तेच दाखवायचं, हा तिचा आग्रह. घरचे त्याला हेका म्हणत.

छपाईचे लाकडी ठसे कोरणाऱ्या काकांचं चित्र तिने एका फटक्यात टिपलं. खिडकीपाशी बसून, मान खाली घालून काका चाळीस मिनिटं कोरत होते. लांब कॅमेऱ्यामागून तिला एवढंच दिसलं आणि ती खूश होऊन परतली. पंधरवड्याने ते प्रदर्शनात लागायचं होतं.

दुसऱ्या दिवशी हेडफोन लावून बसली, तर लाकूड कोरल्याचा आवाजच नाही. काकांचा श्वास होता, घड्याळाची टिकटिक होती. तिने पडद्यावरचं टेबल निरखून पाहिलं. लाकडाच्या किसाचा एक कण पडला नव्हता. कोरणी लाकडाच्या वर, हवेतच फिरत होती. हे असंच लावलं तर जाणकार माणूस पाहताक्षणी ओळखणार आणि उतारवयात काकांची शोभा होणार. न लावावं, तर काका आल्यागेल्याला प्रदर्शनाचं सांगून बसले होते.

ती तडक त्यांच्याकडे गेली. दार काकूने उघडलं आणि तिचा चेहरा पाहून हलकेच म्हणाली, "कळलं ना? दोन वर्षं झाली, त्यांना जवळचं दिसत नाही. आधी तर मलाही ताकास तूर लागू दिली नव्हती."

"कान शाबूत आहेत माझे," काका आतून म्हणाले. "कुठे पकडलंस गं मला?"

"कीस पडला नाही, काका."

"हात्तिच्या. एवढं सोंग वठवलं आणि कीसच विसरलो."

"पुन्हा घे. मी बाजूने चिमूटचिमूट टाकत बसते," काकू म्हणाली. तिघंही हसली. मग काका म्हणाले, "ते लावू नकोस, बाळ."

पुतणीने कॅमेरा उभा केला. "आज काम नको, नुसते बसा," ती म्हणाली. एक नियम तिथेच मोडला.

रिकाम्या हातांचं काय करावं, ते काकांना उमजेना. शेवटी त्यांनी फळीवरचा जुना ठसा मांडीवर घेतला आणि त्यावरून बोटं फिरवली. पूल, पुलावरची माणसं, त्यांच्या छत्र्या. एका छत्रीवर बोट अडलं.

"ही काडी कोरायची राहिलीय," ते पुटपुटले. "तीस वर्षं छापतोय. डोळ्यांना कधी दिसली नाही."

त्यांनी डावा अंगठा आडवा लावला, कोरणी टेकवली आणि हलकेच रेटली. कर्र असा आवाज झाला आणि बारीकसा कीस त्यांच्या मांडीवर पडला. काकांनी मान वर केली.

"पडला का?"

कॅमेरा चालू होता. काकूने पुतणीकडे पाहिलं.

"पडला, काका," पुतणी म्हणाली.

प्रदर्शनात तिने ते तसंच लावलं, स्वतःच्या आवाजासकट.