पाहुण्यांसाठी झाडलेली माती

मामांचे गुडघे रोज मामांच्या आधी जागे होत आणि कुरकुर सुरू करत. मग बायको त्यात भर घाली.

"जगाच्या पोरांना बाग शिकवताय, आणि घरच्या कुंडीतल्या गुलाबाच्या काटक्या झाल्यात!"

गुलाब खरोखरच गेला होता.

ज्या मुलांना घर नाही, किंवा आहे पण नसलेलं बरं, अशा मुलांचं एक वसतिगृह होतं. त्याच्या मागच्या मुरमाड तुकड्यावर मामा त्यांना शेती शिकवत. शेतीही अशी उफराटी की शेजारपाजारचे हसत. खणायचं नाही. माती उघडी ठेवायची नाही. वाळका पाला वर अंथरायचा, मधे चवळी वाढवायची आणि कापून तिथेच आडवी पाडायची. बाकीचं काम गांडुळं करतात. मुलांना हे शास्त्र फार लवकर पटलं, विशेषतः बाकीचं काम दुसरं कुणीतरी करतं हा भाग.

चार-पाच वर्षांत मुरमाची काळी माती झाली. जिथे जिथे कामाला ठेवलं तिथून पळालेली एक पोरगी मात्र इथून पळाली नव्हती. सगळ्यांशी हुज्जत घालायची म्हणून तिला 'वकील' म्हणत. ती रोज पाला उचलून खालची हालचाल बघायची आणि कुणाची झोपमोड केल्यासारखी हळूच परत झाकायची.

त्या दिवशी अधीक्षक मुलांसमोरच म्हणाले, "उद्या पाहुणे येताहेत. बागेचा खर्च करतात ते. त्यांना आवडली तर बाग राहील, नाहीतर तिथे गाड्या लावायची जागा करायची, असं वरून ठरलंय. मुलं तळघरात बसून खोकी चिकटवतील."

"बरं," मामा म्हणाले. गेली काही वर्षं ते सगळ्यालाच बरं म्हणत. त्यात दम कमी लागतो. मग ते गुडघे दाखवायला दवाखान्यात गेले, आणि तिथूनच घरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते फाटकातून आत आले आणि उभेच राहिले.

बाग लख्ख झाली होती. पाल्याचं पान नाही, चवळीचं नाव नाही. सगळे वाफे हातभर खोल खणून, ढेकळं फोडून, दाताळ्याने रेघा ओढून ठेवले होते. कडेला चुन्याची पट्टीसुद्धा. उघड्या मातीवर साळुंक्यांची पंगत बसली होती, आणि गांडुळांचं वाढप भरपूर होतं.

"मामा!" वकील धावत आली. "काल दुपारपासून अंधार पडेपर्यंत खपलो. एकानेही टंगळमंगळ केली नाही. आता कोण नाही म्हणतो बघू!"

चूक तिची म्हणावी तरी कशी? पाहुणे येणार म्हटलं की त्या वसतिगृहात नळसुद्धा राखेने घासत; आणि चित्रातली बाग नेहमी खणलेलीच असते. मामांनी बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात तिने तळहात पुढे केले. फोड आले होते, दोन फुटले होते.

"छान," मामा म्हणाले, आणि उलट्या ठेवलेल्या घमेल्यावर बसले.

पाहुणे आले. त्यांनी स्वतःच 'माती न खणता शेती' असं लिहिलेला फलक आणला होता, तो भिंतीला बांधला. पाहुण्याबाई म्हणाल्या, "फोटोत फार कचरा दिसायचा हो. आता कशी प्रसन्न वाटतेय!" सोबतच्या साहेबांनी ताज्या खणलेल्या मातीची मूठ नाकाशी नेली, डोळे मिटले, म्हणाले, "जिवंत माती!" फलकाखाली सगळ्यांचा फोटो निघाला. जाताना बाई म्हणाल्या, "बाग राहणार. फक्त अशीच स्वच्छ ठेवा."

मुलं ओरडत सुटली. वकील तेवढी मामांसमोर उभी राहिली.

"बाग वाचली ना? मग तोंड असं का?"

मामांना खोटं बोलायचाही कंटाळा आला होता. त्यांनी सांगितलं: जमीन उघडी पडली, वाळली, खालचं घर मोडलं, आता जवळजवळ पहिल्यापासून.

तिने आधी ओरडून साळुंक्या हाकलल्या.

"सकाळीच का नाही बोललात?"

"तुझे हात बघितले."

"हात बरे होतात की. माती?"

"तीही होते. सावकाश."

"तुम्ही 'छान' म्हणालात! काय माणूस आहात हो!" ती ओरडली आणि पळत सुटली. मामांना वाटलं, गेली, या वेळी फाटकाबाहेर. त्यांनी उठायचा प्रयत्न केला. गुडघ्यांनी संमती दिली नाही.

फाटकाशी कचऱ्याची गाडी उभी होती. मुलांनी काल बाहेर ठेवलेल्या पोत्यांवर गाडीवाला हात टाकतच होता.

"ठेवा ते! पोती आमची आहेत!"

"अगं पोरी, तुम्हीच बाहेर ठेवलीत ना? पाला आहे नुसता."

"हो. पालाच हवाय."

वाद लांबला असता, पण गाडीवाल्याने समोर कोण आहे ते पटकन ओळखलं. पोती परत आली. मुलांना हाका गेल्या, आणि सगळे मुकाट्याने वाफ्यांवर पाला पसरू लागले.

खिडकीतून अधीक्षक ओरडले, "अरे, हे काय चाललंय? बाईंनी स्वच्छ ठेवा म्हणून सांगितलंय! पुन्हा आल्या तर?"

"तर वरचा पाला काढू, साहेब, आणि त्या गेल्या की घालू!" वकील खालूनच म्हणाली. "खणणार मात्र नाही. आधी कळवायला सांगा त्यांना."

अधीक्षकांनी मामांकडे पाहिलं. मामांनी नेहमीसारखं 'बरं' म्हणायला तोंड उघडलं. पण तेवढ्यात तिने एक पोतं त्यांच्या पायाशी आणून टाकलं.

"बसल्या बसल्या तेवढं मोकळं करा," ती म्हणाली.