तुरीची सही

"काय सांगू बाई, मन्हा मननी गोट,
तापीना पानीमा, बुडनी मन्ही मोट..."

गावातल्या उखाचा हा आवाज हेमांगीच्या कानात लहानपणापासून राहिला होता. हळदीला तो लुगडं नेसून गायचा, बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. एका चैत्रात तो गाव सोडून गेला, तो गेलाच. कुठं गेला, कुणी विचारलं नाही.

तशा माणसांना घरबसल्या आपलं कुणी दिसावं म्हणून तिनं तीन वर्षांपूर्वी खापर गावच्या बाजारात, बियाण्याच्या दुकानावरच्या खोलीत 'सोबत' वाहिनी काढली. बाईवर जीव जडलेल्या बाया, पुरुषावर जडलेले पुरुष, देह एक नि मन दुसरं घेऊन जन्मलेले, सगळ्यांसाठी. केबलवर दुपारी दोन ते चार, घरची माणसं रानात असताना.

पडद्यावर यायला कुणी धजेना. मग तिनं रीत पाडली: फोनवर बोलायचं, आणि नाव पिकाचं घ्यायचं. तूर, कपाशी, केळ, भगर. खरं नाव तिनं कधी विचारलं नाही, नंबरही लिहून ठेवला नाही. कागद सापडला तर माणूस सापडतो, असं तिचं म्हणणं.

मागच्या महिन्यात 'सोबत' दाखवतो म्हणून दोन गावांनी केबलवाल्या भूपेशला तारा तोडायची धमकी दिली. तो वर आला आणि खुर्ची उलटी करून बसला.

"मन्हं काई म्हननं नही, ताई. वीस गिऱ्हाइकांचे अर्ज द्या, नाव, टीव्हीच्या बॉक्सचा नंबर, सही. मी गावापुढं ठेवतो. नाहीतर सोमवारपासून बंद."

"दोनशे फोन येतात मला, भूपेशभाऊ."

"कोणाचे?"

"तुरीचे. कपाशीचे."

"तुरीनी सही चालत नही ना, ताई." त्याला हसू आलं होतं, ते त्यानं गिळलं.

अर्ज भरायला या म्हणून आठवडाभर तिनं पडद्यावरून हात जोडले. टेबलावर वीस कोरे अर्ज पंख्यानं फडफडत राहिले. शनिवारी तुरीचा फोन आला.

"ताई, तीन दिन खाले टपरीवर बसनू. आज सात पायऱ्या चढनू, मंग मन्हा मामा दिसना."

"उद्या ये. मी खाली उतरते."

"येईसन काय करू? बॉक्स बापना नाववर शे. सही त्यानीच लागी."

हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. बॉक्स सगळे बापांच्या, सासऱ्यांच्या नावावर. तिच्या घरचा आईच्या.

सोमवारी दोन वाजता 'सोबत'च्या जागी साड्यांच्या सेलची जाहिरात सुरू झाली. भूपेशनं फोनसुद्धा केला नाही. कोरे अर्ज पिशवीत घालून हेमांगी गावच्या बसला बसली. तीन वर्षं ती पडद्यावर 'तुम्ही' म्हणत आली, 'आपण' एकदाही नाही. घरी सांगितलं होतं, वाहिनी एका संस्थेची, आपली नुसती नोकरी. वीस कोऱ्यांतला एक तिचाच होता.

जसोदाबाई ओट्यावर मिरच्यांचे देठ खुडत होत्या. लेकीचा चेहरा बघून त्यांनी ओळखलं.

"बंद पडनं ना? बरं झायं. तीन वरीस त्या लोकेसकरता झिजनी तू. त्यासनं पाप, तुले काय? आते तुन्हा लगननं देखूत."

हेमांगी पायरीवर टेकली. सांगून आता काहीच परत सुरू होणार नव्हतं.

"माय," ती म्हणाली, "त्या लोके दुसरा कोनी नहीत. मी बी त्यासमानीच शे. माले बाईच आवडस."